ठाण्यात बसून रेड विंग्जची पोरं फॉलो करायची तर नेमकं बघायचं काय?

प्रश्न थोडक्यात परत लिहिते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुमचा भाऊ मिशिगनला, त्याच्यामुळे तुम्हाला डेट्रॉइट रेड विंग्जचा (तिकडच्या एनएचएल या बर्फावरच्या हॉकीच्या सगळ्यात मोठ्या लीगमधली टीम) नाद लागला, पण टीम २०१६ नंतर २०२५ पर्यंत सलग नऊ सीझन प्लेऑफला गेली नाही त्यामुळे जो तो फक्त येणाऱ्या पोरांबद्दलच बोलतो, ती पोरं कुणी स्वीडनला कुणी कॅनडाला, आकडे बघून काही उलगडत नाही, मग घोडबंदरला बसून हे फॉलो कसं करायचं आणि एवढा वेळ घालवण्यात अर्थ आहे का.

अर्थ आहे का ते मला विचारू नका. मी कळव्यात राहून हे २०१८ पासून करतेय आणि घरात अजून कुणालाही पटवू शकलेली नाही. ऑफिस ऐरोलीला, क्लायंट मिशिगनचा, शिफ्ट रात्रीची. कॉल सुरू व्हायच्या आधी पलीकडची माणसं पाच मिनिटं हवा, ट्रॅफिक आणि हॉकी यावर बोलायची, हवा आणि ट्रॅफिकवर मीही बोलायचे (ऐरोली पुलावर अडकणाऱ्या बाईला ट्रॅफिकवर बोलायला काय कमी आहे) पण हॉकी आली की आपण गप्प, मग एकदा इरेला पेटून वाचायला बसले ती बसलेच.

तेव्हा सगळ्यांच्या तोंडी एकच नाव, फिलिप झॅडिना. चेक पोरगा, २०१८ च्या ड्राफ्टमध्ये (टीम पाळीपाळीने नवी पोरं निवडतात तो) सहाव्या नंबरवर घेतलेला, त्याच्या आदल्या सीझनला कॅनडात हॅलिफॅक्सकडून ज्युनियर लीगमध्ये ५७ मॅचमध्ये ४४ गोल मारलेले, आणि पठ्ठ्याने ड्राफ्टच्या आधीच सांगून टाकलेलं की ज्या टीम मला सोडतील त्यांच्या जाळ्या भरून टाकीन. मी म्हटलं हाच. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात, मला तर ते पाय डायरेक्ट स्टॅनले कपवर, म्हणजे एनएचएलच्या ट्रॉफीवर, दिसत होते. पुढे झालं काय तर डेट्रॉइटकडून १९० मॅचमध्ये मिळून २८ गोल, आणि २०२३ च्या जुलैमध्ये अजून दोन वर्षांचं काँट्रॅक्ट बाकी असताना साडेचार मिलियन डॉलरच्या वरचे पैसे सोडून पोराने काँट्रॅक्ट मोडून घेतलं. वाईट वाटलं हो. मेहनतीला कमी नव्हता तो, पण ते ४४ गोल सोळा ते वीस वर्षांच्या पोरांसमोरचे होते, हे मला तेव्हा दिसलंच नव्हतं.

आता याच्यासमोर लुकास रेमंड ठेवा. २०१९-२० ला रेड विंग्जने ७१ मॅचमध्ये फक्त १७ जिंकल्या, पार तळाला गेले, आणि एवढं करून ड्राफ्टचा क्रम ठरवणाऱ्या लॉटरीत पहिला नंबर मिळायच्या ऐवजी चौथ्यावर घसरले (क्लायंटकडचा एक माणूस त्या दिवशी कॉलवर बोललाच नाही, नुसता म्यूटवर). तर त्या चौथ्या नंबरवर घेतला रेमंडला, आणि त्याचे त्या सीझनचे स्वीडिश लीगमधले आकडे काय तर फ्रोलुंडाकडून ३३ मॅचमध्ये ४ गोल आणि ६ असिस्ट. मी कपाळावर हात मारला होता. चार गोलवाल्याला चौथा नंबर! पण ते चार गोल दाढीमिशीवाल्या, बायकापोरं असलेल्या माणसांसमोरचे होते, सतराव्या वर्षी. पुढे २०२३-२४ ला याच पोराने एनएचएलमध्ये ३१ गोल मारले, गोल आणि असिस्ट मिळून ७२ पॉइंट्स.

आपल्याकडचंच बघा ना, शाळेच्या मॅचमध्ये एखादा पोरगा द्विशतक ठोकतो, पेपरात फोटो येतो, सोसायटीत बॅनर लागतो, आणि दुसरा कुणीतरी त्याच वयात कांगा लीगमध्ये भर पावसाळ्यात ओल्या पिचवर मोठ्या माणसांचे बॉल अंगावर घेत पस्तीस काढतो. क्रिकेट कळणारा माणूस दुसऱ्याचं नाव लिहून घेतो. हॉकीतही तेच करायचं, एवढंच आहे की आपल्याला कांगा लीग कुठली आणि शाळा कुठली ते आधी माहीत नसतं.

तर ते माहीत करून घ्या. ड्राफ्टला साधारण अठरा वर्षांची पोरं असतात, सात राउंड, ३२ टीम, म्हणजे २२४ नावं. त्यातली बहुतेक एनएचएलला टिकत नाहीत. कॅनडातल्या ज्युनियर लीग म्हणजे त्यांच्या वयाच्याच पोरांत खेळणं, अमेरिकन कॉलेजात समोरचे जरा वयाने मोठे, स्वीडनची वरची लीग म्हणजे पूर्ण बाप्ये, आणि एएचएल ही एनएचएलच्या खालची लीग, डेट्रॉइटची तिथली टीम ग्रँड रॅपिड्स ग्रिफिन्स, अंतर म्हणाल तर ठाणे-सातारा एवढं, त्यामुळे दुपारी फोन आला तर पोरगा रात्री डेट्रॉइटला खेळू शकतो. यात एक गोम आहे जी मला दोन वर्षं कळली नव्हती. कॅनडाच्या ज्युनियरमधून घेतलेल्या पोराला वीस वर्षांचा होईपर्यंत बहुतेक वेळा एएचएलला पाठवताच येत नाही, एकतर थेट एनएचएल नाहीतर परत ज्युनियर (२०२६ पासून नव्या करारात हे थोडं सैल होतंय), युरोपातून आलेल्याला मात्र ही अडचण नाही. त्यामुळे "हा अजून ज्युनियरलाच कसा, मागे पडला वाटतं" असं म्हणायच्या आधी नियम बघा, मी उगाच दोन-तीन पोरांना मनातल्या मनात नापास केलेलं.

काँट्रॅक्टचं पण असंच. पहिलं काँट्रॅक्ट तीन वर्षांचं, पण अठरा-एकोणीसच्या पोराने सीझनमध्ये दहापेक्षा कमी एनएचएल मॅच खेळल्या तर ते वर्ष धरतच नाहीत, आपल्या ऑफिसातल्या पीएल रजेसारखं कॅरी फॉरवर्ड होतं. म्हणून कधीकधी चांगला खेळणारा पोरगा नऊ मॅचनंतर गुपचूप परत पाठवतात आणि आपण इथे चिडचिड करत बसतो.

वेळेचं तुम्ही विचारलंय. डेट्रॉइटची संध्याकाळी सातची मॅच आपल्याकडे थंडीत पहाटे साडेपाचला, ऑक्टोबरमध्ये साडेचारला. ग्रिफिन्सचंही तेच. स्वीडनची मॅच त्यांच्या सातला म्हणजे थंडीत आपल्या रात्री साडेअकराला, ही नोकरदार माणसाला बरी पडते. डिसेंबरच्या २६ पासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत वीस वर्षांखालच्यांची वर्ल्ड चँपियनशिप असते, ती सोडू नका, तुमची विखुरलेली पोरं एका जागी बघायला मिळतात. ५ जानेवारी २०२४ च्या फायनलला तर एका टोकाला अमेरिकेचा गोलकीपर ट्रे ऑगस्टिन आणि दुसऱ्या बाजूला स्वीडनकडून अक्सेल सँडिन-पेलिका, दोघंही रेड विंग्जनीच २०२३ ला घेतलेले, टाळ्या वाजवायच्या कुणासाठी तेच कळेना. अमेरिका ६-२ ने जिंकली. आकड्यांसाठी एलिट प्रॉस्पेक्ट्स नावाची साइट आहे, प्रत्येक पोराचा बालपणापासूनचा हिशोब तिथे मिळतो. पण आकडे शेवटी.

आधी काय? आधी एकच पोरगा पकडा आणि पक (बॉलच्या जागची रबरी चकती) विसरून जा. हे ऐकायला सोपं वाटतं पण डोळे पकच्या मागे पळतातच. मी शिफ्ट नसेल त्या दिवशी पहाटे ओट्यावर फोन मिसळणाच्या डब्याला टेकवून बघते. २०२४-२५ ला मार्को कॅस्पर बघायचे, ऑस्ट्रियाचा, ९२ नंबरचा शर्ट, २०२२ ला आठवा घेतलेला. साधारण पाऊण मिनिट बर्फावर, मग बाकावर, मग परत. त्या पाऊण मिनिटात पक त्याच्याकडे कदाचित दोनच सेकंद येतो. बाकी वेळ हा काय करतो ते बघायचं. हा गोलकीपरच्या पुढ्यात जाऊन उभा राहायचा, मागून पाठीत स्टिक बसायची, पडायचा, उठून परत तिथेच. सासूबाई चहाचं आधण ठेवता ठेवता बघत होत्या, म्हणाल्या, "अगं, हा मार खायलाच जातो का तिकडे?" म्हटलं आई, हो, तेच त्याचं काम आहे.

कॅस्परचंच पुढचं सांगते कारण त्यात तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये टोरंटोविरुद्ध पहिली मॅच खेळला, त्यातच दुखापत झाली, सीझन तिथेच खलास. पुढचं अख्खं वर्ष ग्रिफिन्सकडे. २०२४-२५ ला वर आला पण पहिले दोन-अडीच महिने गोल फारसे होईनात, खालच्या लाइनमध्ये (एकत्र बर्फावर उतरणारे तीन फॉरवर्ड म्हणजे लाइन), थोडी मिनिटं, लोक म्हणायला लागले की हा पण गेला. डिसेंबरच्या २६ ला कोच बदलला, टॉड मॅक्लेलन आला, त्याने ह्याला वर कॅप्टन लार्किन आणि रेमंडबरोबर लावलं, आणि सीझन संपेपर्यंत १९ गोल. पोरगा तोच, गोलकीपरसमोर मार खाणं तेच, फक्त पक देणारी माणसं बदलली. म्हणून मी वहीत गोल लिहीत नाही, किती मिनिटं खेळला, कोणाबरोबर, आणि चूक झाल्यावर कोचने परत बर्फावर पाठवला का बाकावर बसवून ठेवला, एवढंच लिहिते.

सासूबाईंचा लाडका मात्र मॉरिट्झ साइडर. त्याला त्या मोरू म्हणतात. २०१९ च्या ड्राफ्टला टीमचा जनरल मॅनेजर स्टीव्ह यझरमनने ह्या जर्मन पोराला सहाव्या नंबरवर घेतला तेव्हा पोराचा स्वतःचाच चेहरा बघण्यासारखा झाला होता, एवढ्या वर कुणी धरलाच नव्हता. मग एक वर्ष ग्रँड रॅपिड्स, मग कोविडमध्ये स्वीडनच्या रोगलेकडे, आणि २०२१-२२ ला आल्या आल्या ८२ च्या ८२ मॅच, ५० पॉइंट्स, नवोदितांची काल्डर ट्रॉफी. "तुमचा मोरू बरा आहे का" हे आमच्या घरात सकाळचं वाक्य आहे.

डिफेन्समनला मोरूसारखं लवकर जमणं हे दुर्मिळ, एरवी वेळ लागतो, आणि गोलकीपरला तर विचारूच नका. सेबॅस्टियन कोसा, २०२१ चा पंधरावा. त्याच्यासाठी डेट्रॉइटने डॅलसला २३ वा आणि वर दोन नंबर देऊन पुढे उडी मारली, आणि त्या २३ व्यावर डॅलसने वायट जॉन्स्टन घेतला जो पहिल्याच सीझनला २४ गोल मारून बसला. इकडे कोसा तेव्हा कुठे, तर टोलिडोला, ईसीएचएलमध्ये, म्हणजे तिसऱ्या पायरीवर. लोकांनी यझरमनला काय काय ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. २०२४ च्या डिसेंबरमध्ये बफेलोला मधूनच गोलमध्ये उतरवला, पहिलीच एनएचएल मॅच, आणि शूटआउटमध्ये जिंकला. सौदा बरा होता का वाईट, माझ्या मते आजच्या घडीला वाईटच, पण गोलकीपर आहे, हापूसचं कलम आहे ते, मी एवढ्यात कुऱ्हाड चालवणार नाही.

माझ्या चुका विचारू नका असं म्हणणार होते, पण एक सांगतेच. माझ्याकडे कुठल्याशा वर्षाची विमा कंपनीची फुकट डायरी आहे, त्यात ड्राफ्टच्या दुसऱ्या दिवशी नावं लिहून ठेवते. रेड विंग्जच्या माणसाने उशिराच्या राउंडला नाक मुरडू नये खरं तर, टीमचे जुने स्टार डॅटस्युक १७१ वा, झेटरबर्ग २१० वा, हे तिथल्या शेंबड्या पोराला पण पाठ असतं. तरी २०२३ च्या पानावर डॅनियलसन, सँडिन-पेलिका, ऑगस्टिन यांच्याबद्दल चार-चार ओळी आहेत आणि सगळ्यात खाली २०१ नंबरच्या पोरापुढे, एमिट फिनी, कॅमलूप्स, एवढंच लिहून माझ्या अक्षरात "वेळ नाही". ऑक्टोबर २०२५ ला सीझन सुरू झाला तर हा पोरगा टीममध्ये, आणि कुणाबरोबर, लार्किन-रेमंडबरोबर पहिल्या लाइनमध्ये. साडेचार वाजता मी ओट्यापाशी उभी राहून डोळे चोळत होते, सासूबाईंनी विचारलं हा नवीन कोण, आणि मला काही म्हणजे काही सांगता येईना. मग आत जाऊन डायरी काढली.