डबल मार्कर 'हाय रिस्क' आला, म्हणजे बाळाला डाऊन सिंड्रोम आहेच का?

वय 28, पहिलटकरीण, 12 आठवडे 5 दिवस. डबल मार्कर, म्हणजे पहिल्या तिमाहीतल्या रक्ततपासणीच्या रिपोर्टवर लाल अक्षरांत 'हाय रिस्क, 1:180', म्हणजे 180 मध्ये एक; कट-ऑफ 1:250, त्याहून जास्त धोका म्हणजे 'हाय रिस्क'. एनटी (सोनोग्राफीत मोजलेली बाळाच्या मानेमागच्या द्रवाची जाडी) 1.4 मिमी, नाकाचं हाड दिसलेलं. नवऱ्याने मोबाइलवर वाचलं होतं की एनटी स्कॅनसह ही टेस्ट 90 टक्के केसेस पकडते. त्यावरून घरात ठरूनही गेलं होतं: बाळाला डाऊन असण्याची शक्यता 90 टक्के.

हा हिशेब शिकलेली माणसंही सर्रास करतात. 90 टक्के हे दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर आहे: बाळाला डाऊन असेल, तर टेस्ट ते किती वेळा पकडते? या दोघांचा प्रश्न उलटा होता: टेस्ट पॉझिटिव्ह आली, तर बाळाला डाऊन असण्याची शक्यता किती?

अशा वेळी टक्के बाजूला ठेवावेत आणि कागदावर माणसं मोजावीत. या वयाला सोयीसाठी हजारात एक धरू. 10,000 गर्भवतींमध्ये 10 बाळांना डाऊन, त्यातली 9 पकडली जातात. उरलेल्या 9,990 पैकी 5 टक्के, म्हणजे सुमारे 500 जणींनाही 'हाय रिस्क' येतं, विनाकारण. एकूण 509 जणी, खऱ्या केसेस 9. साधारण 57 मध्ये एक.

"मग आमचे 180 कसे?" नवऱ्याने लगेच विचारलं. प्रश्न रास्त होता. 57 ही सगळ्या 'हाय रिस्क' जणींची सरासरी. 1:180 हा तिचा स्वतःचा आकडा, वय, एनटी, आणि रक्तातले बीटा एचसीजी व पॅप-ए हे गर्भारपणातले दोन घटक मिळून काढलेला. वय त्यात आलेलंच असतं, ते पुन्हा मिसळायचं नाही. अशा 180 जणींपैकी 179 बाळांना डाऊन नसतो.

पुढच्या टेस्टआधी लॅबचा फॉर्म तपासावा: वय, वजन, जुळं आहे का, आयव्हीएफ, मधुमेह, आणि सोनोग्राफीवरचे गर्भाचे दिवस. दिवस खऱ्यापेक्षा जास्त लिहिले गेले, तर पॅप-ए कमी आणि बीटा एचसीजी जास्त भासतं. डाऊनमध्ये नेमकं हेच चित्र असतं, त्यामुळे धोका फुगतो. हिचा फॉर्म बरोबर होता.

मग एनआयपीटी, म्हणजे आईच्या रक्तातल्या गर्भाच्या डीएनएची तपासणी. ती 99 टक्के केसेस पकडते आणि हजारात एखादीला चुकून पॉझिटिव्ह ठरवते, असं धरू. 1:180 वाल्या 18,000 जणींत 100 खऱ्या केसेस, त्यातल्या 99 सापडतात. उरलेल्या 17,900 मध्ये खोट्या पॉझिटिव्ह सुमारे 18. म्हणजे पॉझिटिव्ह आली तर शक्यता 85 टक्क्यांच्या आसपास. हीच टेस्ट हजारात एक धोका असणारीने केली, तर पॉझिटिव्ह जेमतेम निम्म्या वेळाच खरी ठरते. मशीन तेच, रक्त तपासायची पद्धत तीच. फरक सुरुवातीच्या धोक्याचा. निगेटिव्ह आली तर तिचा धोका सुमारे 18,000 मध्ये एक उरतो.

एनटी 3.5 मिमी किंवा जास्त असती, तर एनआयपीटीत वेळ न घालवता थेट सीव्हीएस (वारेच्या पेशींची तपासणी) किंवा अ‍ॅम्निओचा (गर्भजलाची तपासणी) सल्ला दिला असता. इथे दोघांनी एनआयपीटी निवडली. ती पॉझिटिव्ह आली तरी त्यावर गर्भपाताचा निर्णय घ्यायचा नाही, 16 आठवड्यांनंतर अ‍ॅम्निओ करून खात्री करायची, हे त्याच बैठकीत ठरलं. निगेटिव्ह आली तरी 18 ते 20 आठवड्यांची अनॉमली सोनोग्राफी चुकवायची नाही. हृदयाची रचना एनआयपीटी बघत नाही.