शनिवारची शिकवणी रविवारी नेताना

(पत्राचा सारांश : पत्रलेखिका ग्वाल्हेरला संगीतात एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहेत आणि लष्कर भागात घरीच गाणं शिकवतात. त्यांच्याकडे 11 वर्षांचा स्वमग्न (ऑटिझम असलेला) मुलगा आणि 14 वर्षांची अंध मुलगी येते. मुलाचा सूर पक्का आहे, पण वीस मिनिटांत शिकवणी विस्कटते. परीक्षेमुळे शनिवारची शिकवणी एकदा रविवारी घेतली, तर तो दारातच आडवा पडून रडला. त्या विचारतात : या मुलांना शिकवायला मी लायक आहे का? यात करिअर होईल का? कोणता कोर्स करू?)

नमस्कार,

लायकीचा निकाल त्या एका रविवारावरून लावू नका. बदल त्या मुलाला कळेल अशा रीतीने आधी पोचला नव्हता, एवढंच त्यातून दिसतं, आणि ते सुधारता येतं. तुमच्या करिअरच्या प्रश्नाचं अर्धं उत्तरही तिथेच आहे, म्हणून आधी वेळापत्रकाचं बोलू.

आता काय, किती वेळ, आणि ते संपल्यावर काय, या तीन गोष्टी बहुतेक मुलं शिक्षकाच्या बोलण्यातून आणि चेहऱ्यावरून ओळखतात. अनेक स्वमग्न मुलांना ते जमत नाही. तोंडी सांगितलेलं कानावरून जातं, पुन्हा पाहता येत नाही. चित्रांचं वेळापत्रक समोर राहतं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या ‘टीच’ कार्यक्रमाने 1970च्या दशकापासून ही पद्धत रुजवली आणि तिला खर्च जवळजवळ काहीच नाही.

जाड पुठ्ठ्याचे 8 सेंटिमीटरचे चौकोन कापा. त्यांवर तुमच्याच खोलीतल्या वस्तूंचे फोटो चिकटवा, कारण इंटरनेटवरचं हार्मोनियमचं चित्र म्हणजे हीच पेटी, हे त्याला कळेलच असं नाही. सुरुवातीला पाच कार्डं पुरेत : सा लावणं, अलंकार (स्वरांचे सरावाचे पलटे), हाताने ताल, आवडतं गाणं, घरी जाणं. वेल्क्रोने ती एका पट्टीवर वरून खाली लावा. एक काम संपलं की त्याने स्वतः कार्ड काढून ‘झालं’च्या डब्यात टाकायचं. ते तुम्ही काढू नका. काम संपल्याची जाणीव त्याला त्या हालचालीतून होते. आई घरी ‘झालं’ म्हणते आणि शाळेत ‘खतम’ म्हणतात, असं असेल तर सगळ्यांनी मिळून एकच शब्द ठरवा.

‘किती वेळ’ हे दाखवण्यासाठी गाण्याच्या शिक्षकाकडे घड्याळापेक्षा चांगलं साधन आहे. 16 मात्रांचा तीनताल मिनिटाला 60 मात्रांच्या लयीत लावला की मात्रेला एक सेकंद, म्हणजे आवर्तनाला (तालाच्या एका फेरीला) 16 सेकंद. चार आवर्तनं एक मिनिट चार सेकंदांची. अलंकाराच्या कार्डाखाली दोऱ्यात चार मोठे मणी ओवा आणि प्रत्येक समेला, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेला, एक मणी त्याला सरकवू द्या. काम किती उरलं, ते त्याला दिसतं आणि ऐकूही येतं. शेवटच्या आवर्तनाला दर वेळी तीच एक छोटी तिहाई (तीनदा वाजवून समेवर संपणारा तुकडा) पेटीवर वाजवा, समेवर या आणि हात उचला. काही आठवड्यांत तिहाई सुरू झाली की तो शेवटाची तयारी करू लागण्याची शक्यता बरीच असते. ‘पुरे आता’ म्हणून मध्येच थांबवणं टाळा. या मुलांचं सगळ्यात जास्त बिनसतं ते एक काम सोडून दुसऱ्याकडे वळताना.

आता चुका. पट्टीवर ‘5.10 अलंकार’ असं लिहू नका. 5.12 झाले की त्याचं लक्ष घड्याळात अडकेल. क्रम पाळा, मिनिटं तुमच्या वहीत ठेवा. वागणूक बिघडली म्हणून आवडत्या गाण्याचं कार्ड काढून घेऊ नका. एकदा तसं झालं की पट्टीवरचा त्याचा विश्वास उडतो आणि मग ती भिंतीवर नुसती टांगलेली राहते. वीज गेली आणि इलेक्ट्रॉनिक तानपुरा अचानक बंद पडला, तर तोही त्याच्यासाठी बदलच. मोबाइलवर तानपुऱ्याचं अ‍ॅप तयार ठेवा.

क्रम बसला की तो कायमचा गोठवायचाही नाही. साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून वेगळ्या रंगाचं ‘बदल’ कार्ड आणा. आधी बदल सुखाचा असावा, जसं तालाऐवजी मंजिरी. मग साधा, जसं सतरंजी दुसऱ्या कोपऱ्यात. दिवसाचा बदल सगळ्यात शेवटी, आणि तो निदान आठवडाभर आधी कॅलेंडरवर. गणपती, दिवाळी, डिसेंबरातला तानसेन समारोह, तुमची परीक्षा, यांच्या तारखा बऱ्याच आधी कळतात. तीन महिन्यांचं कॅलेंडर आईला देऊन ठेवा. शनिवार रद्द असेल, तर त्याच वेळी आईने घरी ‘आज गाणं नाही, उद्या आहे’ हे कार्ड दाखवावं.

मुलीला चित्रांची पट्टी उपयोगाची नाही. तिला आल्याबरोबर आजचा क्रम सांगा. ब्रेल येत असेल तर तिच्याकडूनच लिहून घ्या. पेटी, तबला, तिची खुर्ची यांच्या जागा हलवू नका, हलवल्या तर ती बसण्याआधी तिला हात लावून दाखवा. नवी बंदिश शनिवारी शिकवणार असाल, तर शब्दांचं ध्वनिमुद्रण बुधवारीच पाठवा, म्हणजे शिकवणीचा वेळ पाठांतरात जाणार नाही. परीक्षेला बसवायचं असेल, तर यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) आणि लेखनिकाची गरज केंद्राला फॉर्म भरतानाच लेखी कळवा. लेखी परीक्षांसाठी केंद्र सरकारच्या 2018च्या मार्गदर्शक सूचनांत तासाला निदान 20 मिनिटं जादा वेळ होता, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. तुमच्या परीक्षा मंडळाचा नियम काय आहे, हे आधी विचारून घ्या.

तुमचं स्वतःचं वेळापत्रक या कामात सगळ्यात दुर्लक्षित राहतं. अशा दोन शिकवण्या पाठोपाठ लावू नका. 30 मिनिटं शिकवणं आणि 15 मिनिटं मोकळी : त्यात पट्टी लावायची, दोन ओळी नोंद करायची, पालकांशी बोलायचं. अशा चार शिकवण्यांना तीन तास लागतात. आठवड्याला पाच दिवस धरले तर वीस शिकवण्या, म्हणजे आठवड्याला दोनदा येणारे दहा विद्यार्थी. महिना 1,500 रुपये फी धरली तरी हे 15,000च होतात. पूर्ण उपजीविकेसाठी शाळेची नोकरी जोडीला हवी, हे मी स्पष्टच सांगते.

त्यासाठी एम.ए.नंतर दोन वर्षांचं विशेष शिक्षणातलं (अपंग मुलांना शिकवण्याचं) बी.एड. करा. संस्थेला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता त्या वर्षासाठी चालू आहे का, हे परिषदेच्या संकेतस्थळावर पाहूनच फी भरा. उत्तीर्ण झाल्यावर परिषदेकडे नोंदणी करावी लागते. विशेष शिक्षकाच्या पदासाठी ती मागतात. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये विशेष शिक्षकांचं प्रमाण प्राथमिकला दहा विद्यार्थ्यांमागे एक आणि त्यापुढे पंधरांमागे एक असं सांगितलं, त्यामुळे या पदांची गरज आता कागदावर तरी नक्की झाली आहे. संगीत हाती असलेला विशेष शिक्षक शाळेला दुहेरी उपयोगाचा असतो. अर्जात ते ठळक लिहा. मात्र ‘संगीतोपचार’ असा फलक लावू नका. तो वेगळ्या प्रशिक्षणाचा विषय आहे आणि आशेवर असलेले पालक अशा शब्दावर पैसे घालतात.

प्रवेशाला अवकाश आहे, तोवर दोन्ही मुलांची नोंदवही सुरू करा : तारीख, कोणती कामं पूर्ण झाली, कुठे थांबलं, थांबण्याआधी काय घडलं. शेवटचा रकाना कधी रिकामा सोडू नका. बिघाडाचं कारण बहुतेक वेळा तिथेच सापडतं, आणि बी.एड.च्या मुलाखतीत दाखवायला तुमच्याकडे स्वतःचं काम असेल.