बहिर्प्रवाह नको, विसर्ग घ्या

नाशिकच्या एका शिक्षिकाबाईंनी विचारलं आहे: शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मुलांनी उतारवयातल्या महाकाय ताऱ्यावर फलक केला आहे. ताऱ्याला जोडीदार आहे, भोवती गॅसची डिस्क आहे आणि आउटफ्लो, म्हणजे ताऱ्याचं द्रव्य बाहेर वाहणं, चालू आहे. मुलांनी त्यासाठी 'वायुचकती' आणि 'बहिर्प्रवाह' लिहिलं. हे बरोबर आहे का, आणि याहून सोपं काही आहे का?

आधी 'बहिर्प्रवाह'. इथे संधीच चुकला आहे. 'बहिस्'च्या पुढे ग, द यांसारखा मृदू वर्ण आला की र् होतो: बहिर्गोल, बहिर्गमन. पुढे क किंवा प आला की ष् होतो: बहिष्कार, आणि त्याच चालीवर निष्पाप, चतुष्पाद. म्हणजे नियमाने 'बहिष्प्रवाह' हवं. शुद्ध झालं, पण सातवीतल्या मुलाने ते फलकासमोर उभं राहून चारदा म्हणायचं आहे.

खरं तर नाशिककराला शब्दासाठी लांब जायला नको. 'गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला' हे पावसाळ्यात आपण रोज ऐकतो आणि दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं ते बघायला घाटावर जातो. विसर्ग म्हणजे वि आणि सृज्: सोडून देणं, मोकळं करणं. अक्षरापुढच्या दोन टिंबांचं नावही याच धातूचं, कारण तिथे श्वास सोडायचा असतो. ताऱ्याच्या बाबतीत हा अर्थ तंतोतंत लागतो. म्हातारा तारा फुगतो, आकसतो, पुन्हा फुगतो, आणि त्या हेलकाव्यांनी त्याचे वरचे थर उचलले जातात. तिथल्या गारव्यात धुळीचे कण धरतात, ताऱ्याचा प्रकाश त्या कणांना बाहेर रेटतो आणि कण वायूला सोबत ओढून नेतात. धरणाचा दरवाजा कोणीतरी उघडतो, ताऱ्याला दरवाजा नाही. पण तारा आपलं द्रव्य खरोखरच सोडून देत असतो. वेग सेकंदाला दहा-वीस किलोमीटर, म्हणजे सूर्यातून सुटणाऱ्या कणांच्या 'सौर वाऱ्या'पेक्षा कितीतरी संथ. ऐवज मात्र प्रचंड: वर्षाला सूर्याच्या दहालाखाव्या भागाइतकं वस्तुमान सहज जातं. 'उत्सर्जन' कोणी सुचवलं तर घेऊ नका, तो शब्द प्रकाशाला आणि प्रारणाला (रेडिएशनला) दिलेला आहे.

दोन्ही ध्रुवांकडून अरुंद, वेगवान धार सुटते तिला विसर्गही म्हणू नये. तो झोत.

आता डिस्क. इथे मला जास्त बोलायचं आहे, कारण इंग्रजीने एकाच शब्दात दोन वेगळ्या गोष्टी कोंबल्या आहेत. चकती म्हटलं की काकडीची चकती डोळ्यापुढे येते: कापलेली, सुटी, स्थिर. तबकडी निदान फिरते. जोडीदार तारा महाकाय ताऱ्याचा वारा, म्हणजे त्याने सोडलेला वायू, ओढून स्वतःभोवती गोळा करतो, त्या फिरत्या वायूला 'तबकडी' म्हणावं. तिमिंगल तारकासमूहातला मीरा हा असाच तारा. त्याचं मंद-तेज होणं खगोल-अभ्यासक डेव्हिड फाब्रिसियसने १५९६ मध्ये टिपलं, आणि सुमारे ३३२ दिवसांचं त्याचं चक्र आजही चालू आहे. त्याचा छोटा जोडीदार त्याच्या वाऱ्यातला वायू झेलत असतो. मुलांना एवढं मात्र सांगा की ग्रामोफोनची तबकडी सगळी एकदमच फिरते. वायूचा आतला भाग वेगाने फिरतो आणि बाहेरचा रेंगाळतो.

दुसरी गोष्ट दोन्ही ताऱ्यांना मिळून बाहेरून वेढते आणि मधे मोकळी असते. तिला तबकडी म्हणणं मला पटत नाही. आपण शनीची कडी म्हणतो, तसं हे 'कडं'. शृंगाश्व तारकासमूहातल्या 'तांबडा आयत' (रेड रेक्टँगल) या तेजोमेघाच्या मध्यावर दोन तारे सुमारे ३२० दिवसांत एकमेकांभोवती फिरतात, आणि त्या दोघांभोवती असं कडं आहे. कड्याच्या वर आणि खाली द्रव्याचे पसरट शंकू सुटलेले आहेत. ते आपल्याला बाजूने दिसतात, म्हणून आकृती आयतासारखी.

बाईंनी सर्पिल आकारासाठीही शब्द मागितला होता. त्यासाठी मुलांना निफाड-पिंपळगावकडच्या कांद्याच्या शेतातला फिरता स्प्रिंकलर दाखवा. प्रत्येक थेंब सरळच जातो, पण तोटी फिरत असल्यामुळे पाण्याचं वेटोळं दिसतं. महाश्व तारकासमूहातल्या एलएल पेगासी ताऱ्याचं हबल दुर्बिणीने टिपलेलं चित्र तसंच आहे: तारा जोडीदारासोबत फिरत फिरत वायू सोडतो आणि सुमारे ८०० वर्षांत एक वेटोळं पुरं होतं. शब्दही 'वेटोळं'च ठेवा. बोलीतला आहे म्हणून शास्त्राच्या फलकावर त्याला जागा नाही, असं मी मानत नाही.

'वायू' आणि 'जोडीदार' आहेत तसेच राहू द्या. फलकावर ओळ अशी चालेल: 'उतारवयातल्या महाकाय ताऱ्याचा विसर्ग, जोडीदाराभोवतीची तबकडी आणि दोघांना वेढणारं कडं'.