‘जन्मल्यावर तर सगळं नॉर्मल होतं!’

बाळ जन्मल्यावर डॉक्टरांनी ते नखशिखांत तपासून ठीक असल्याचे सांगितले आणि काही आठवड्यांनी त्याच्यात जन्मजात दोष निघाला, तर चूक कोणाची, असे पालक मला, समुपदेशक म्हणून, वारंवार विचारतात. एका आईच्या निमित्ताने, ओळख पटणार नाही अशी काळजी घेऊन, त्याविषयी लिहीत आहे.

सहाव्या आठवड्याच्या तपासणीत तिच्या बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांबरोबर जादा आवाज, म्हणजे मर्मर, ऐकू आला आणि इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला लहानसे छिद्र दिसले. ते आपोआप बुजण्याची शक्यता डॉक्टरांनी सांगितली होती. तरीही आई माझ्याकडे आली ती जन्मावेळचा तपासणीचा कागद घेऊन.

“इथे ‘हृदय नॉर्मल’ लिहिलंय. त्यांनी स्टेथोस्कोप लावला तरी होता का?”

जन्मानंतरचे काही दिवस फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतील दाब जास्त असतो, त्यामुळे हृदयाच्या दोन्ही बाजूंच्या दाबांत फारसा फरक नसतो आणि छिद्रातून रक्त जोराने वाहत नाही. पुढील आठवड्यांत हा दाब उतरला की तेच छिद्र आवाज करू लागते. हे तिला लगेच पटले, पण राग तसाच राहिला. माहिती दिली की समुपदेशन झाले, असे मानणाऱ्यांपैकी मी नाही. रागाशी वाद न घालता तो कशाची राखण करतो आहे ते पाहावे, ही माझी पद्धत आहे. म्हणून दोन-तीन भेटी केवळ ऐकून घेतल्यावर मी विचारले, “समजा, दुसऱ्याच दिवशी छिद्र कळलं असतं, तर तुम्ही कोणाला जाब विचारला असता?”

ती बराच वेळ गप्प राहिली.

“स्वतःला. दिवस गेल्याचं कळण्याआधी तापात मी गोळ्या घेतल्या होत्या. हे मी घरीही बोलले नाही, मॅडम.”

तिच्या मनात तपासणाऱ्या डॉक्टरांवर खटला चालू होता तोवर तिचा स्वतःवरचा खटला पुकारला जाणार नव्हता. हा प्रश्न मी घाईने विचारत नाही, आणि योग्य वेळी विचारला की तो क्वचितच वाया जातो. ‘तुमचा काही दोष नाही’ असे मी मात्र परस्पर म्हणाले नाही, कारण अशी परस्पर दिलेली ग्वाही रात्री टिकत नाही. गोळ्यांचे नाव घेऊन तिला डॉक्टरांकडे पाठवले. ती साधी पॅरासिटामॉल निघाली. तिच्यावर ठपका ठेवायला आधार नाही आणि बहुतेक बाळांत अशा छिद्राचे एकच एक कारण सापडत नाही, असे त्यांनी सांगितले. पुढच्या भेटीत तो कागद तिच्या हातात नव्हता.

पालकांचा राग प्रत्येक वेळी अनाठायी असतो, असे मात्र नाही. गुदद्वार बंद असणे किंवा तोंडातील टाळूला मागच्या बाजूस चीर असणे हे पहिल्याच तपासणीत नीट पाहिल्यास सापडायला हवे आणि तसे न झाल्यास पालकांनी स्पष्टीकरण जरूर मागावे. खुब्याच्या सांध्याचा सैलपणा, डोळ्यांतील लाल प्रतिबिंब (प्रकाश टाकल्यावर बाहुलीत दिसणारी लालसर चमक), वृषण खाली उतरले आहेत की नाही, या गोष्टी मात्र पुन्हा पाहाव्या लागतात. म्हणून ‘नॉर्मल’ ऐकल्यावर काय पाहिले आणि काय पुन्हा केव्हा पाहणार, हे तेव्हाच विचारून लिहून घ्यावे. दूध पिताना बाळ दमत असेल, घामाघूम होत असेल, श्वास जलद चालत असेल किंवा वजन वाढत नसेल, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. ओठ किंवा जीभ निळसर दिसल्यास त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.