साखरेऐवजी गोड गोळी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वर्षभरापासून मी चहा-कॉफीत साखरेऐवजी गोड गोळी घालते आणि शीतपेयही बिनसाखरेचेच घेते. तरी वजन जिथल्या तिथे आहे. आता तर अशा पदार्थांमुळेच वजन वाढते, इन्सुलिनचे काम बिघडते आणि आतड्यांतील जिवाणूंवर परिणाम होतो, असे वाचनात आले. मी हे बंद करावे का?

उत्तर : आपल्या प्रश्नात तीन शंका आहेत आणि तिन्हींमागचा पुरावा सारख्या तोलाचा नाही, म्हणून त्या वेगवेगळ्या पाहू.

आधी वजनाचा हिशेब. चमचाभर, म्हणजे साधारण ४ ग्रॅम साखरेतून १६ किलोकॅलरी मिळतात. दिवसाला तीन कप आणि कपाला दोन चमचे धरले, तरी गोळीमुळे वाचतात त्या शंभराच्या आतबाहेर. आणि आज साखर घेतलेलीच नाही या समाधानात कपाबरोबर दोन बिस्किटे जास्त गेली की ही बचत तिथेच संपते. रोज साखरेचे शीतपेय पिणाऱ्याचे गणित मात्र वेगळे असते. नेदरलँड्समधील ६४१ मुलांवरची एक चाचणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत मुलांना १८ महिने रोज २५० मिलिलिटर पेय दिले गेले, काहींना साखरेचे आणि काहींना बिनसाखरेचे, आणि आपल्याला कोणते मिळते हे मुलांना सांगितलेले नव्हते. बिनसाखरेचे पेय घेणाऱ्या मुलांचे वजन सरासरीने सुमारे एक किलो कमी वाढले. गोळी स्वतः वजन उतरवत नाही. ती कशाच्या जागी आली आणि तिच्या आडून दुसरे काय पोटात गेले, यावर सारे अवलंबून असते.

मग वजन वाढते हे कुठून आले? हजारो लोकांच्या आहाराची नोंद ठेवून वर्षानुवर्षे त्यांच्या प्रकृतीवर लक्ष ठेवणाऱ्या अभ्यासांत, असे पदार्थ घेणाऱ्यांमध्ये लठ्ठपणा आणि मधुमेह अधिक आढळतो, हे खरे आहे. परंतु ज्यांचे वजन आधीच वाढू लागले आहे किंवा ज्यांना डॉक्टरांनी साखर कमी करायला सांगितले आहे, तीच माणसे या गोळ्यांकडे वळतात, त्यामुळे कारण कोणते आणि परिणाम कोणता हे अशा नोंदींवरून सांगता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये, वजन आटोक्यात ठेवण्याचा उपाय म्हणून हे पदार्थ वापरू नयेत, अशी शिफारस केली, ती मुख्यतः दीर्घकाळात फायदा दिसत नाही म्हणून. आणि पुराव्यातील ही गुंतागुंत ओळखूनच ती सशर्त ठेवली. बातम्यांच्या मथळ्यांत ‘सशर्त’ हा शब्द सहसा गळालेला असतो.

इन्सुलिनबाबत बोलायचे तर, नुसत्या पाण्यातून ॲस्पार्टेम किंवा सुक्रालोज, म्हणजे अशा गोळ्यांत आणि पेयांत वापरले जाणारे गोड पदार्थ, घेतल्यावर रक्तातील साखर लक्षणीय वाढत नाही, असेच बहुतेक चाचण्यांत दिसले आहे. येल विद्यापीठातील २०२० च्या एका प्रयोगाचा निष्कर्ष मात्र विचार करायला लावणारा आहे. दोन आठवड्यांत सात वेळा केवळ सुक्रालोजचे पेय घेणाऱ्यांच्या इन्सुलिन-संवेदनशीलतेत, म्हणजे शरीर इन्सुलिनला कितपत प्रतिसाद देते यात, फरक पडला नाही, पण त्याच पेयात माल्टोडेक्स्ट्रिन हे पिष्टमय द्रव्य मिसळले तेव्हा ती घटली. प्रयोग छोटा आणि निरोगी प्रौढांवरचा असल्यामुळे त्यावरून नियम काढता येणार नाही. तरीही बिनसाखरेचे पेय पिष्टमय जेवणाबरोबर घेण्याची सवय असेल, तर ती मी तरी बदलेन.

जिवाणूंचा प्रश्न सर्वांत गुंतागुंतीचा आहे, कारण ‘कृत्रिम गोडी’ या एका नावाखाली अगदी भिन्न रेणू येतात. ॲस्पार्टेम लहान आतड्यातच पचते आणि मोठ्या आतड्यापर्यंत जवळजवळ पोहोचत नाही. सुक्रालोजचा बराचसा भाग न शोषला जाता तसाच बाहेर पडतो. सॅकरिन बहुतांशी रक्तात जाऊन लघवीवाटे निघून जाते. इस्रायलच्या वाइझमन संस्थेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत १२० निरोगी व्यक्ती होत्या. दोन आठवड्यांच्या वापरानंतर सॅकरिन आणि सुक्रालोज घेणाऱ्या गटांत ग्लुकोज घेतल्यावरची रक्तशर्करा जास्त चढली, ॲस्पार्टेम आणि स्टीव्हिया (एका वनस्पतीपासून मिळणारी गोडी) यांच्या गटांत तसे दिसले नाही. त्यातही माणसामाणसांत मोठा फरक होता. दोन आठवड्यांपलीकडे हा परिणाम टिकतो का, हे त्या चाचणीतून कळत नाही.

तेव्हा एकदम बंद करण्याची गरज नाही. पण गोडीच हळूहळू कमी करता आली तर उत्तम. आपण एका कपात दोन गोळ्या घालत असाल, तर प्रथम एकीवर या. आणि गोळीऐवजी पुडी वापरत असाल, तर तिच्यावरील घटकांची यादी वाचा, कारण पुडीतील पूड बहुतांशी डेक्स्ट्रोज (म्हणजे ग्लुकोजच) किंवा माल्टोडेक्स्ट्रिनच असते, जरी ती एखाद्या ग्रॅमपुरतीच असली तरी.

प्रश्न : ॲस्पार्टेमने कर्करोग होतो का?

उत्तर : जुलै २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ते ‘२ ब’ या गटात, म्हणजे मर्यादित पुराव्यावरून कदाचित कर्करोगकारक, असे ठेवले. हे वर्गीकरण पुरावा किती भक्कम आहे ते सांगते, धोका किती मोठा आहे ते नव्हे. त्याच वेळी अन्नातील मिश्रकांचा विचार करणाऱ्या तज्ज्ञ समितीने शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे दिवसाला ४० मिलिग्रॅमची मर्यादा कायम ठेवली. साठ किलोच्या व्यक्तीसाठी ती २४०० मिलिग्रॅम होते, आणि शीतपेयाच्या एका डब्यात ते २०० ते ३०० मिलिग्रॅम असू शकते. फेनिलकीटोन्यूरिया हा जन्मजात विकार असलेल्यांनी मात्र ॲस्पार्टेम टाळलेच पाहिजे.

प्रश्न : माझ्या वडिलांना मधुमेह आहे व ते इन्सुलिन घेतात. त्यांनी या गोळ्या घ्याव्यात का?

उत्तर : घेता येतील. वर उल्लेखलेली जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आधीपासून मधुमेह असलेल्यांना लागू नाही, आणि साखरेऐवजी गोळी घेतल्याने जेवणानंतरची रक्तशर्करा आटोक्यात ठेवायला मदतच होते. एक गोष्ट मात्र घरातील प्रत्येकाला माहीत असू द्या : इन्सुलिनमुळे त्यांची साखर अचानक उतरली, घाम फुटला, हात थरथरू लागले, तर त्या क्षणी ही गोळी किंवा बिनसाखरेचे पेय काहीही उपयोगाचे नाही. शुद्धीवर असतील तर खरी साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यावे, आणि ते हाताशी कुठे ठेवले आहे हे सर्वांना ठाऊक असावे.