घरी फरशीवर टेपच्या खुणा करून कराटेचे स्टान्स (उभं राहण्याचे पवित्रे) सुधारतात का?

तुम्ही लिहिलंय की शोतोकानचा (कराटेची एक शैली) क्लास आठवड्यातून दोनच दिवस असतो, सर दर वेळी पायांवरून टोकतात आणि घरी चूक दाखवायला कोणी नाही. मग फरशीवर टेप लावून सराव केला तर फायदा होईल का? होईल, नक्की करा. मी स्वतः असाच शिकलो आणि आता आमच्या सोसायटीतल्या मुलांकडूनही हेच करून घेतो.

फक्त टाइल्सच्या सांध्यांवर विसंबू नका. माझी चूक तिथेच झाली. घरात दोन बाय दोनच्या टाइल्स, म्हणून झेनकुत्सू दाचीत (पुढचा गुडघा वाकवून, मागचा पाय सरळ ठेवून उभं राहायचा पवित्रा) मी एक पाय या सांध्यावर आणि दुसरा पुढच्या सांध्यावर ठेवायचो. दोन फूट म्हणजे साठ सेंटिमीटर. या पवित्र्यात पायांमधली रुंदी साधारण कमरेइतकीच लागते. जवळजवळ वर्षभर मी जास्त रुंद उभा राहिलो. परिणाम असा, की पुढे जाताना पाय आत यायचा, पुन्हा लांब बाहेर जायचा, आणि तेवढ्यात समोरच्याला माझा ठोसा कळलेला असायचा. काही जण याच्या उलट करतात, दोन्ही पाय एकाच रेषेत टाकतात. मग बाजूने जरासा धक्का बसला तरी तोल जातो.

म्हणून पुढच्या क्लासला सरांकडून स्टान्स नीट लावून घ्या आणि हलायच्या आत दोन्ही टोकांना खडूने खूण करा. मग ते अंतर स्वतःच्या पावलांनी मोजा, टाचेला बोटं लावत: लांबी किती पावलं, रुंदी किती. घरी त्याच मापाच्या दोन समांतर पट्ट्या मारा. मास्किंग टेप वापरा, तो काढल्यावर फरशीवर सहसा चिकटा राहत नाही. पाय जिथून घासत सरकतो तिथे मात्र टेप नको, कडा उचलली जाते आणि पाय अडतो. तिथे खडू बरा.

कोकुत्सू दाचीला (भार मागच्या पायावर ठेवायचा पवित्रा) टाइलचा सांधा उत्तम. दोन्ही टाचा त्यावर, पुढचं पाऊल सांध्याच्या दिशेने, मागचं त्याला काटकोनात, आणि सत्तर टक्के भार मागच्या पायावर. किबा दाचीत (घोड्यावर बसल्यासारखा पवित्रा) पायांचे दोन्ही अंगठे एका सांध्याला टेकवा, म्हणजे पावलं बाहेर फाकली की लगेच दिसतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पाऊल टाकताना खाली बघायचं नाही. बघितलंत की मान झुकते, पाठ वाकते, आणि तीच सवय कुमितेत (जोडीदाराशी लढतीत) राहते. नजर समोर ठेवून पाऊल टाका, जागच्या जागी थांबा, मगच मान खाली घालून पट्टीशी ताडून बघा. चुकलं असेल तर पाय सरकवून जुळवू नका. मागे जा आणि पाऊल पुन्हा टाका.

हेइआन शोदान (शोतोकानमधला सुरुवातीचा काता, म्हणजे हालचालींचा ठरलेला क्रम) येत असेल तर जिथून सुरू करता तिथे एक फुली मारा. हा काता संपतो तेव्हा माणूस सुरुवातीच्याच जागी यायला हवा. सोसायटीतल्या मुलांपैकी एक जण दर वेळी फुलीच्या हातभर पुढेच संपवायचा. नीट बघितलं तर जाताना तीन वरचे ब्लॉक लांब पावलांनी, आणि परतीचे तीन ठोसे आखूड पावलांनी. दमल्यावर पाय आखडतात ते असे. डावी-उजवीकडे सरकत असाल तर वळतानाचं पाऊल तपासा, विशेषतः २७० अंशांची वळणं.

तीन-चार आठवड्यांनी पट्ट्या काढून टाका आणि सिमेंटच्या खरबरीत गच्चीवर तळवे ओले करून एक-एक पाऊल टाका (गुळगुळीत टाइलवर हे करू नका, घसराल). ठसे थोडा वेळ तरी राहतात. झेनकुत्सूमध्ये मागच्या टाचेचा ठसा फिका उमटला असेल तर ती टाच उचलली जातेय.