थंडीत एपॉक्सी चिकट राहिलं म्हणून हार्डनर वाढवू नका

तुमची पोस्ट वाचली आणि माझी पत्र्याची शेड डोळ्यांसमोर आली. दहा फुटी होडी, तळावर फायबरचं कापड एपॉक्सीने (रेझिन आणि हार्डनर हे दोन द्रव मिसळले की कडक होणारा माल) बसवून पाच दिवस झालेत, बोट लावलं तर अजून चिकटतंय, आणि दुकानदार सांगतोय की पुढच्या हाताला, म्हणजे थराला, हार्डनर थोडं जास्त घ्या. नका घेऊ. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

प्लायचे तुकडे तांब्याच्या तारेने शिवणं, सांधे भरणं हे तुम्ही केलेलंच दिसतंय, त्यामुळे त्यात शिरत नाही.

माझा गाढवपणा असा. जानेवारी होता. नाशिकची थंडी तुम्हाला सांगायला नको, पहाटे पारा दहाच्या खाली. डब्यातलं रेझिन पॅराशूटच्या बाटलीतल्या तेलासारखं गोठायला आलेलं, ब्रशने पसरेना. एमआयडीसीतल्या ज्या दुकानातून माल घेतला (नाव घेत नाही, माणूस वाईट नव्हता) तो म्हणाला, ‘थंडी आहे, दोन झाकणं जास्त टाका, लगेच धरेल.’ आमच्याकडचे बहुतेक फायबरवाले पाण्याच्या टाक्या नि पत्रे बनवतात. ते काम पॉलिएस्टर रेझिनचं. त्यात जे थेंब घालतात ते फक्त काडी पेटवण्यापुरते असतात, मर्यादेत वाढवले तर माल लवकर धरतो. एपॉक्सीत तसं नाही. तिथे रेझिन आणि हार्डनर एकमेकांत गुंतून कडक जाळं होतं, म्हणजे हार्डनर स्वतःच त्या जाळ्याचा भाग होतं. फुगडीला जोडी लागते ना, तसं. एका बाजूच्या मुली जास्त झाल्या की उरलेल्या नुसत्या उभ्या राहतात. तेच उरलेलं हार्डनर तुमच्या होडीच्या तळात मऊ राहतं.

माझं प्रमाण वजनाने १०० रेझिनला ५० हार्डनर असं होतं. मी दर वाटीला ‘अंदाजे’ वाढवत गेलो. आठवड्याने नख रुतत होतं. वाट बघितली, उन्हात ठेवली, तीन आठवड्यांनी तळ खोडरबरासारखा. शेवटी हीट गन आणि पटाशी घेऊन बसलो. कापड दुधावरच्या सायीसारखं सुटून आलं, पण दोन ठिकाणी प्लायचा वरचा थरही घेऊन आलं. ६ एमएमची एक अख्खी शीट फेकली आणि तळ नव्याने बसवला. शिवाय ते अर्धवट धरलेलं चिकट एपॉक्सी मनगटाला लागून महिनाभर पुरळ. नायट्रिलचे हातमोजे घाला, आणि हातावरचं एपॉक्सी थिनरने पुसू नका. थिनरने ते उलट कातडीत जिरतं.

आता तुमचं. लगेच खरवडू नका, कदाचित तुमचं नुसतं थंडीने अडलेलं असेल. आधी साध्या पाण्याने आणि भांडी घासायच्या हिरव्या स्क्रबरने एक वीतभर जागा घासून बघा. वरचा तेलकट थर निघाला आणि खाली नख रुतत नसेल, तर तो नुसता मेण्या थर आहे. दवात, दमट हवेत येतो. पाण्याने धुतलात की प्रश्न मिटला. मात्र धुवायच्या आधी सँडपेपर मारू नका, तो थर रगडून आत बसतो आणि पुढचा रंग सुटतो.

नख रुतत असेल तर ऊब द्या. ताडपत्रीचा तंबू करून आत दोन जुने पिवळे बल्ब, कापडापासून लांब. दोन-तीन दिवस २५-३० अंश मिळाले तर थंडीने थांबलेलं एपॉक्सी पुढे धरतं. गॅसची किंवा कोळशाची शेगडी आत नेऊ नका. त्यातून वाफ आणि कार्बन डायऑक्साइड निघतो, तोच मेण्या थर वाढवतो, आणि बंद जागेत जिवाला धोका तो वेगळाच. एवढं करूनही रबरच राहिलं तर प्रमाण चुकलंय. मग माझ्यासारखं पटाशी घ्या. मऊ थरावर बरोबर मिसळलेला दुसरा हात मारून तो कडक होत नाही, हेही मी करून बसलोय.

रेझिन तुपासारखं रवाळ, पांढुरकं दिसत असेल तर डबा गरम पाण्याच्या बादलीत ठेवा, पूर्ण पारदर्शक झाल्यावरच मोजा. मोजायला किचनचा वजनकाटा. झाकण, चमचा, अंदाज बंद. उलट एप्रिलमध्ये जास्त माल खोल वाटीत कालवू नका, तापून धूर निघतो. पसरट ट्रेमध्ये ओता.

जाता जाता. दुकानदार चटई म्हणजे तुकड्या धाग्यांचं मॅट देईल, तेही नको. त्यातला बांधणारा पदार्थ पॉलिएस्टर रेझिन पातळ ठेवणाऱ्या स्टायरिन नावाच्या द्रवात विरघळतो, एपॉक्सीत स्टायरिन नसतं. विणलेलं कापड मागा, साधारण २०० जीएसएम (चौरस मीटरला २०० ग्रॅम). आणि प्लायवर आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) चा शिक्का बघा, नुसतं ‘वॉटरप्रूफ’ हे दुकानदाराचं तोंडी प्रमाणपत्र असतं.

होडी गंगापूर धरणात घालायचा विचार असेल तर परवानगीचं आत्ताच लेखी विचारा. मी एका कार्यालयात होडी तयार झाल्यावर गेलो. पहिल्या टेबलवर ‘हे आमच्याकडे येत नाही’, दुसऱ्यावर ‘साहेब दौऱ्यावर’, तिसऱ्यावर पुन्हा पहिल्या टेबलचं नाव. अर्जाची पोच मात्र कोणी देईना. धरण पिण्याच्या पाण्याचं आहे, नियम असावेत हे मान्य, पण ते सांगायला तरी माणूस हवा. असो.

मी केमिस्ट नाही, तीन होड्या बांधल्यात आणि त्यातली पहिली अशी बिघडवली, एवढाच अधिकार. तुमच्या रेझिनचं प्रमाण माझ्यापेक्षा वेगळं असू शकतं. दोन्ही डब्यांच्या लेबलचे फोटो टाका, प्रमाण वजनाचं दिलंय की मापाचं ते आधी बघू. तोवर त्या तळावर दुसरा हात मारू नका.